कावीळ एक, विषाणू पाच : अमेरिकेचा निर्णय आणि आपल्या बाळाची पहिली सुई

५ डिसेंबर २०२५ रोजी अमेरिकेत एक निर्णय झाला आणि त्याची अर्धीमुर्धी बातमी आपल्या मोबाइलवर येऊन पोहोचली. तिथल्या सरकारला लसींविषयी सल्ला देणाऱ्या समितीने ८ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की, ज्या आईच्या रक्ताची तपासणी होऊन हिपॅटायटिस बी नाही असं दिसलं आहे, तिच्या बाळाला जन्मतःच या आजाराची लस सरसकट देण्याची शिफारस यापुढे नको. आईवडिलांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं, आणि जन्मतः द्यायची नसेल तर निदान दोन महिने थांबावं. १६ डिसेंबरला तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, हा बदल स्वीकारला.

आपल्याकडे फिरलेल्या मेसेजमध्ये एवढं सगळं कुठे असतं? तिथे एकच ओळ उरली, ‘अमेरिकेने बाळाची कावीळची लस बंद केली, मग आपल्या मुलांना का टोचता?’ लाखांदूरसारख्या तालुक्याच्या गावात असा मेसेज पालकांच्या ग्रुपवरून मोहल्ल्याच्या ग्रुपवर जायला वेळ लागत नाही. आम्ही शाळेत शिकवतो. घरात बाळंतपण असलं की लोक मास्तरांनाही विचारतात, ‘सर, ही सुई द्यायची की नाही?’ प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका ओळीत देता येत नाही. म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो आहोत.

आधी बातमी पूर्ण वाचू या

पहिली गोष्ट, अमेरिकेने लस बंद केलेली नाही. ज्या आईला हिपॅटायटिस बी आहे, किंवा जिची तपासणीच झालेली नाही, तिच्या बाळाला जन्मतः लस द्यायचीच, हा तिथला नियम तसाच आहे. बदल फक्त तपासणीत ‘निगेटिव्ह’ आलेल्या आईच्या बाळापुरता आहे. तोही तिथल्या सगळ्यांना पटलेला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, प्रत्येक बाळाला जन्मतः लस द्यावी हा आपला सल्ला कायम ठेवला.

दुसरी गोष्ट, अमेरिकेने १९९१ पासून सगळ्या बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि त्यानंतर तिथल्या मुलांमधली हिपॅटायटिस बीची लागण ९९ टक्क्यांनी घटली. म्हणजे विहीर भरल्यावर पंप बंद करायचा की नाही, याची चर्चा तिथे चालू आहे. आपली विहीर अजून भरायची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक हिपॅटायटिस बी घेऊन जगत होते आणि ५५ लाख लोक हिपॅटायटिस सी घेऊन. यातल्या बहुतेकांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नसतं.

तिसरी गोष्ट मेसेजमध्ये आलीच नाही. त्याच बैठकीत त्या समितीने आणखी एक सुचवलं. बाळाला एक डोस दिल्यावर रक्तातल्या अँटीबॉडी मोजाव्यात का आणि त्या पुरेशा असतील तर पुढचा डोस लागतो का, याबद्दल पालकांनी डॉक्टरांशी बोलावं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण अँटीबॉडी विषाणूला ओळखते कशी आणि ती ओळख पक्की व्हायला काय लागतं, हे समजल्याशिवाय या सूचनेत काय कमी आहे ते कळत नाही. त्यामुळे आता थोडा विज्ञानाचा तास घेऊ.

अँटीबॉडी नाव नाही, आकार ओळखते

आपला भाग धानाचा. इथला जुना शेतकरी तळहातावर चार दाणे घेतो आणि सांगतो, हा एचएमटी, हा दुसरा. पोत्यावरचं लेबल तो वाचत नाही. दाण्याची लांबी, जाडी, टोक बघतो. अँटीबॉडीचं, म्हणजे पुस्तकी मराठीतल्या प्रतिपिंडाचं, कामही असंच चालतं. तिला डोळे नाहीत आणि विषाणूचं नावही माहीत नाही. ती इंग्रजी वाय अक्षरासारखी एक प्रथिनाची रचना आहे. तिच्या दोन टोकांना खाचखळगे असतात. विषाणूच्या अंगावरचा एखादा उंचवटा त्या खाचेत नेमका बसला, तर ती चिकटते. नाही बसला, तर बाजूने निघून जाते.

इथे एक गैरसमज काढायला हवा. मुलांना आम्ही कुलूप-किल्लीचं उदाहरण देतो, तेव्हा त्यांना वाटतं की शरीर कुलूप बघून किल्ली घडवतं. तसं होत नाही. शरीर कोट्यवधी वेगवेगळ्या किल्ल्या आधीच बनवून ठेवतं. रक्तातल्या बी पेशी त्या आपल्या अंगावर मिरवत फिरत असतात. यातल्या बहुतेक किल्ल्यांना आयुष्यभर कुलूप सापडत नाही. एखादा विषाणू आला आणि एखाद्या पेशीची किल्ली त्याला थोडीफार जरी लागली, तर शरीर त्याच पेशीच्या हजारो नकला काढतं. नकला काढताना किल्लीच्या दात्यांत बारीक फरक होतात. ज्या नकला जास्त घट्ट बसतात त्या ठेवल्या जातात, सैल बसणाऱ्या गळून पडतात. म्हणूनच पहिल्या भेटीतली ओळख ढोबळ असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ती धारदार होते. शेवटी यातल्या काही पेशी अँटीबॉडीचा कारखाना बनतात आणि काही आठवण ठेवून बसतात. या आठवणीच्या पेशी पुढे वर्षानुवर्षे टिकतात.

लशीचे तीन-चार डोस याच कारणासाठी असतात. पहिल्या डोसने किल्ली निवडली जाते, पुढच्या डोसांनी ती घासून नेमकी होते आणि आठवण पक्की बसते. अमेरिकेतल्या त्या सूचनेत इथेच खोट आहे. रक्तात अँटीबॉडीची पातळी १० मिली-इंटरनॅशनल युनिटच्या वर गेली की संरक्षण मिळालं, असं मानतात. पण हा आकडा पूर्ण कोर्स घेतलेल्या लोकांवरून ठरला आहे. एका डोसनंतर तो आकडा गाठला, म्हणजे पुढची वीस-तीस वर्षं टिकणारी आठवण तयार झाली, असं त्यावरून म्हणता येत नाही. शाळेतलं पोर पहिल्या दिवशी पाढा म्हणून दाखवतं. तो दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवेल का, हे त्या दिवशी कळत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. पूर्ण कोर्स घेतल्यावर दहा-पंधरा वर्षांनी रक्तातल्या अँटीबॉडी कमी झालेल्या दिसू शकतात. लस वाया गेली, असा त्याचा अर्थ नाही. आठवणीच्या पेशी असतात. विषाणू आला की त्या जाग्या होतात आणि पुन्हा अँटीबॉडी बनवतात. म्हणून निरोगी माणसाला पुन्हा पुन्हा बूस्टर लागत नाही.

लशीत असतं तरी काय?

हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं बाहेरचं कवच एका प्रथिनाचं असतं. या कवचाचा शोधच मुळात एका अँटीबॉडीमुळे लागला. १९६० च्या दशकात अमेरिकेत बारुख ब्लुमबर्ग आणि हार्वी आल्टर वेगवेगळ्या लोकांच्या रक्ताचे नमुने जुळवून बघत होते. हिमोफिलियाच्या एका रुग्णाला अनेकदा रक्त चढवलेलं होतं. त्याच्या रक्तातल्या अँटीबॉडीने दूरच्या ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तातलं एक अनोळखी प्रथिन पकडलं. आधी त्याला ‘ऑस्ट्रेलिया अँटीजेन’ म्हटलं गेलं. ते हिपॅटायटिस बीचं कवच आहे, हे नंतर लक्षात आलं. ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै. त्याच दिवशी दरवर्षी जागतिक हिपॅटायटिस दिन पाळतात.

या विषाणूची एक चलाखी आहे. तो आजारी माणसाच्या शरीरात खऱ्या विषाणूंपेक्षा कितीतरी जास्त रिकामी कवचं सोडतो. अँटीबॉडी त्या रिकाम्या कवचांना चिकटण्यात खर्ची पडतात आणि खरा विषाणू यकृतात शिरून बसतो. माणसाने तीच चलाखी त्याच्यावर उलटवली. लशीत फक्त हे रिकामं कवच असतं. आत विषाणूचा गाभा नाही, त्याची जनुकं नाहीत. त्यामुळे लशीमुळे हिपॅटायटिस बी होणं शक्यच नाही. या कवचावरचा एक भाग विषाणूच्या सगळ्या प्रकारांत जवळपास सारखा असतो. अँटीबॉडी तोच भाग ओळखायला शिकते, म्हणून एकच लस साऱ्या जगात चालते.

‘लशीत हराम काही नाही ना?’ हा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो, आणि विचारायलाही हरकत नाही. १९८१ मध्ये आलेली पहिली लस लागण झालेल्या लोकांच्या रक्तापासून बनवत असत. १९८६ पासून ते मागे पडलं. आताची लस खमिरात, म्हणजे यीस्टमध्ये बनते. नानच्या पिठात खमीर घालतात, त्याच जातकुळीचे हे सूक्ष्मजीव. त्यांच्यात कवचाचं जनुक बसवतात, ते कवच तयार करतात, मग ते शुद्ध करून त्यात ॲल्युमिनियमचा क्षार मिसळतात. डुकराचं जिलेटिन या लशीत नसतं. सौदी अरबने आपल्या बाळांना ही लस १९८९ पासून सुरू केली. जगातला सर्वांत मोठा मुस्लिम देश इंडोनेशिया, त्यानेही १९९७ पासून ती राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली.

आपल्या देशातली पहिली अशी लस १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने आणली. वरप्रसाद रेड्डी यांच्या त्या कंपनीला भांडवल मिळत नव्हतं, तेव्हा ओमानचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री युसूफ बिन अलवी यांनी ते उभं करून दिलं. देशी लस आली आणि परदेशी लशीची शेकड्यांतली किंमत खाली आली. पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ही लस बनवली. आज सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते, त्यामागे हा सगळा प्रवास आहे.

पहिले २४ तास कशासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सहा आठवड्यांनी पेंटाव्हॅलंटमध्ये ही लस येतेच, मग जन्मतः कशाला?

कारण या आजारात वय फार मोठी गोष्ट आहे. धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली, तर शंभरातले पंच्याण्णव जण विषाणू स्वतःच घालवतात. एक ते पाच वर्षांच्या मुलाला झाली, तर शंभरातल्या तीस ते पन्नास जणांत तो कायमचा राहतो. आणि जन्माच्या वेळी झाली, तर शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांत तो मुक्काम ठोकतो. बाळाचं शरीर अजून शिकत असतं. समोर आलेलं परकं की आपलं, हे त्याला ठरवता येत नाही, आणि ते विषाणूला घरातलाच समजून सोडून देतं. ते मूल रडत नाही, पिवळं पडत नाही, शाळेत जातं, खेळतं. तीस-चाळीस वर्षांनी, घर त्याच्या कमाईवर उभं असताना, यकृत आक्रसतं किंवा यकृताचा कर्करोग निघतो.

लागण बहुतेक वेळा बाळंतपणात आईच्या रक्तातून होते. इथे २४ तासांचं गणित समजून घ्या. हा विषाणू सावकाश वाढतो. शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत त्याला एक ते सहा महिने लागतात. बाळाला जन्मतः लगेच लस मिळाली, तर विषाणू बस्तान बसवायच्या आधीच अँटीबॉडी तयार होऊ लागतात. ही शर्यत आहे आणि लस लवकर सुटली तरच ती जिंकते. आईला आजार असल्याचं माहीत असेल, तर लशीबरोबर बाळाला तयार अँटीबॉडीचंही इंजेक्शन देतात. त्याला एचबीआयजी म्हणतात. बाळाच्या स्वतःच्या अँटीबॉडी तयार होईपर्यंत हे उसने पहारेकरी काम करतात.

‘पण आई निगेटिव्ह असेल तर?’ अमेरिकेतला वाद नेमका इथेच आहे. आपल्याकडे २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात गरोदर मातांची ही तपासणी आहे. पण आपली परिस्थिती आपणच डोळे उघडून बघायला हवी. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तपासण्या सासरच्या गावात झालेल्या असतात, कार्ड तिथेच राहतं. कधी तपासणीनंतर लागण होते. कधी घरातल्या दुसऱ्या कुणाला आजार असतो, वडिलांना, आजीला, आणि ते कुणाला माहीतच नसतं. हा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो. अशा ठिकाणी ‘आई निगेटिव्ह आहे, दोन महिने थांबू’ म्हणणं म्हणजे पुराच्या दिवसांत बांध उद्या घालू म्हणण्यासारखं आहे.

लस कितपत उपयोगी पडते, हे बघायचं तर तैवान बघा. त्या देशाने १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. आधी तिथल्या दर दहा मुलांमागे एकाला हा आजार होता, पुढे ते प्रमाण एक टक्क्याच्या खाली गेलं, आणि मुलांमधला यकृताचा कर्करोगही घटला.

कावीळ म्हटलं की एकच आजार नव्हे

मेसेजमध्ये ‘कावीळची लस’ असा शब्द होता. आपला खरा घोळ या शब्दात आहे. कावीळ हे आजाराचं नाव नव्हे, ते लक्षण आहे. डोळे पिवळे, लघवी पिवळी, भूक गेली, की आपण म्हणतो कावीळ झाली. पण त्यामागे ए, बी, सी, डी, ई असे पाच वेगवेगळे विषाणू असू शकतात, आणि त्यांचे आकार एकमेकांशी जुळत नाहीत. बीच्या लशीने शिकलेली अँटीबॉडी ए किंवा ईला ओळखत नाही. म्हणून ‘लस घेतली होती तरी पोराला कावीळ झाली, लस खोटी’ असं कुणी म्हणालं, तर आधी विचारावं, कुठली कावीळ? डीचा अपवाद आहे. तो बीचं कवच उसनं घेऊन जगतो, म्हणून बीची लस घेतलेल्याला डीची भीती राहत नाही.

ए आणि ई पाण्यातून, घाणीतून येतात. २०१२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली आणि माणसं दगावली. आपल्या लाखांदूर तालुक्याला एका अंगाला वैनगंगा आणि दुसरीकडे चुलबंद. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला आलेला पूर कुणी विसरलेलं नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे गोसीखुर्दच्या जलाशयात येतं आणि आपण त्याच्या खालच्या अंगाला राहतो. पूर ओसरल्यावर विहिरी आणि बोअरवेलचं पाणी उकळून पिणं, हीच ए आणि ईवरची आपली पहिली लस समजा. एची लस खासगी दवाखान्यात मिळते. ईची लस चीनमध्ये आहे, आपल्याकडे नाही.

ईच्या शोधात आपल्या माणसांचा वाटा आहे, तोही मुलांना सांगावा असा. १९७८ मध्ये काश्मीर खोऱ्यात काविळीची प्रचंड साथ आली. श्रीनगरचे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू गावोगाव फिरले, रुग्णांचं रक्त तपासलं. त्यांना त्यात ताज्या ए किंवा बीच्या लागणीची खूण सापडली नाही. त्याच सुमाराला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या खोरशेद पावरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन संशोधकांबरोबर १९५५-५६ च्या दिल्लीच्या साथीचे जपून ठेवलेले नमुने तपासले, इतर साथींचेही तपासले. उत्तर तेच आलं. दोघांचे निष्कर्ष १९८० मध्ये छापून आले. अँटीबॉडीला ओळख पटली नाही, यावरूनच कळलं की हा कुणी तिसराच आहे. खुरू यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. गरोदर बायांमध्ये हा आजार फार घातक ठरत होता. शेवटच्या तीन महिन्यांत ई झाला, तर शंभरातल्या वीस-पंचवीस बाया दगावू शकतात. म्हणून पोटुशी बाईचे डोळे पिवळे दिसले, तर एक दिवसही घरी काढू नये.

इथे माळेचा विषय येतो. आपल्या भागात काविळीवर माळ घालतात, पाण्याने कावीळ उतरवतात, कुणी डाग देतं. लोकांचा विश्वास उगीच बसलेला नाही. ए आणि ई बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, आणि श्रेय माळेला जातं. पण तीच माळ बी किंवा सीच्या रुग्णाला घातली, तर डोळ्यांचा पिवळेपणा जातो आणि विषाणू आत राहतो. घरचे म्हणतात, बरा झाला. तपासणी राहून जाते. दुआ जरूर करावी, पण रक्ताची तपासणी करून घेण्याला तिने कधी मनाई केलेली नाही.

रिपोर्टवरचा ‘पॉझिटिव्ह’

या एका शब्दाने आपल्या समाजात किती लग्नं मोडली असतील! रिपोर्टवर तीन वेगवेगळ्या तपासण्या असू शकतात आणि तिन्हींत ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ वेगळा असतो.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणूचं कवच रक्तात आहे, लागण आहे. सहा महिन्यांनंतरही ते राहिलं, तर आजार जुनाट झाला असं म्हणतात. अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह म्हणजे कवचाविरुद्धची अँटीबॉडी आहे, माणूस सुरक्षित आहे. ही तर खुशखबर. अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणूच्या आतल्या गाभ्याशी कधीतरी गाठ पडली होती. लशीत गाभा नसतोच, म्हणून फक्त लस घेतलेल्याच्या रक्तात ही तिसरी अँटीबॉडी येत नाही. या तीन ओळी एकत्र वाचल्या की डॉक्टरांना कळतं, माणूस आजारी आहे, बरा झालेला आहे की लशीने सुरक्षित आहे. आणखी एक बारकावा. लस घेतल्यावर दोन-अडीच आठवडे एचबीएसएजी तात्पुरतं पॉझिटिव्ह दिसू शकतं, कारण लशीत तेच कवच असतं. खाडी देशांत नोकरीला जाणाऱ्या मुलांची मेडिकलमध्ये ही तपासणी होते. त्यांनी तपासणीच्या तोंडावर लस घेऊ नये, आधीच घेऊन ठेवावी.

सीचं वेगळं आहे. हा विषाणू आपल्या अंगावरचे उंचवटे सतत बदलतो. अँटीबॉडी एक आकार शिकते, तोवर त्याने दुसरा घेतलेला असतो. म्हणून सीवर अजून लस नाही. पण औषध आहे. साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंच्याण्णव रुग्ण पूर्ण बरे होतात, आणि सरकारी कार्यक्रमात ही औषधं मोफत आहेत. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आलं म्हणून घाबरू नये. त्यातून इतकंच कळतं की कधीतरी लागण झाली होती. विषाणू आजही आहे का, हे दुसऱ्या तपासणीत, आरएनएच्या तपासणीत कळतं.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह मुलीचं किंवा मुलाचं लग्न होऊ शकतं. जोडीदाराने तपासणी करून तीन डोस घ्यावेत, आणि अँटीबॉडी तयार झाल्या की नाही ते बघून घ्यावं. एका ताटात जेवल्याने, गळाभेट घेतल्याने, एका सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभं राहिल्याने हा आजार पसरत नाही. बाळाला लस मिळाली असेल, तर आईने दूध पाजायलाही हरकत नाही. आजार लपवून निकाह लावणं जितकं चूक, तितकंच रिपोर्ट नीट न वाचता पोरीला नाकारणं चूक.

वस्तरा, सुई आणि आपले रिवाज

बी आणि सी रक्तातून जातात. २००९ मध्ये गुजरातच्या मोडासा भागात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची भयंकर साथ आली आणि कित्येक लोक मेले. सुई आपल्यासमोर नवी फोडली का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

आपल्या रिवाजांतही काही जागा आहेत. खतना डॉक्टरकडून किंवा निर्जंतुक हत्याराने व्हावी. एकाच दिवशी पाच-सहा मुलांची होत असेल, तर एकच वस्तरा सगळ्यांना लागता कामा नये. कान टोचणाऱ्याची सुई नवी हवी. हजला जाणाऱ्यांनी डोकं मुंडवताना परवाना असलेल्या न्हाव्याकडेच जावं आणि नवीन ब्लेडचा आग्रह धरावा. सौदी सरकारचेही तेच नियम आहेत. गावातल्या सलूनमध्येसुद्धा दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड बघून घ्यावं. घरात एकमेकांचं रेझर आणि टूथब्रश वापरू नये.

मग करायचं काय?

बाळंतपण दवाखान्यात करा, मग ते लाखांदूरचं ग्रामीण रुग्णालय असो, भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय असो की माहेरच्या गावाजवळचं. गरोदरपणात एचबीएसएजी तपासली का, हे आशाताईला विचारा आणि कार्ड माहेरी जाताना सोबत घ्या. बाळ जन्मलं की त्याच दिवशी कार्डवर ‘हिपॅटायटिस बी – ०’ समोर तारीख पडली का, ते बघा. रविवार असो की ईद, २४ तासांच्या आत ती सुई मागून घ्या. मग ६, १० आणि १४ आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट चुकवू नका. मोठ्यांपैकी ज्यांनी लस घेतलेली नाही, विशेषतः दवाखान्यात काम करणारे, डायलिसिसचे रुग्ण आणि पॉझिटिव्ह माणसाच्या घरातले, त्यांनी तपासून तीन डोस पूर्ण करावेत.

अमेरिकेने आपल्या बाळांसाठी काय ठरवावं, तो त्यांचा प्रश्न. तिथे जवळजवळ प्रत्येक गरोदर बाईची तपासणी होते असं गृहीत धरतात, तरीही तिथल्या बालरोगतज्ज्ञांना थांबणं धोक्याचं वाटतं. आपल्याकडे तपासणीच निम्म्या वाटेवर अडकते. तिथला सल्ला इथे उचलून आणला, तर त्याची किंमत आज रडणारं बाळ देणार नाही. ती तीस वर्षांनी, घरचा कर्ता झाल्यावर, ते देईल. आपल्या ग्रुपवर पुढच्या वेळी असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करायच्या आधी एवढंच विचारा, ही कुठल्या कावीळची गोष्ट आहे, आणि कुठल्या देशातली?